आवाज कमी करण्याची परवानगी

प्रकाशने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली, काउंटरवर ठेवली आणि फडकं उलगडलं. मी हात मागे घेतले.

काळपट रंगाची, वीतभर लांबीची स्टीलची नळी होती. काम सुरेख होतं. कडा घासून गोल केलेल्या, कुठे ओरखडा नाही. प्रकाशचा हात लेथवर चांगला बसलेला आहे हे मला ठाऊक होतं. घोडपदेवला त्याचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट, बुश, असली कामं तो करतो.

"वहिनी, फक्त शेवटचं माप पाहिजे," तो म्हणाला. "टोकाचं भोक पाडायचं राहिलंय. आणि रायफलच्या टोकाला आटे पाडून द्या. बाकी सगळं झालंय."

मी विचारलं, "हे काय आहे, ते तुझ्या तोंडून सांग."

"दादासाठी सायलेन्सर," तो म्हणाला.

गिरगावात आमचं बंदुकांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, मग नवऱ्याने चालवलं. तो गेल्यावर डीलरचं लायसन्स माझ्या नावावर झालं. त्याच्या ओळखीतले सगळे मला वहिनीच म्हणतात. लोकांना वाटतं अशा दुकानात रोज काहीतरी थरारक घडत असेल. तसं काही नसतं. सिक्युरिटी एजन्सीच्या बंदुका तेलपाण्याला येतात. वडील वारले म्हणून त्यांचं रिव्हॉल्व्हर जमा करायला मुलगा येतो. निवडणूक लागली की पोलिसांच्या हुकमाने लोक आपली हत्यारं आणून ठेवतात आणि निकालानंतर परत नेतात. माझा निम्मा दिवस रजिस्टर भरण्यात जातो. दुकानात कॅमेरे आहेत. एक दारावर, एक तिजोरीच्या खोलीवर, आणि एक बरोबर काउंटरच्या वर.

प्रकाशने ती नळी त्या तिसऱ्या कॅमेऱ्याखाली ठेवली होती.

तो नळी पुन्हा फडक्यात गुंडाळू लागला. मी त्याला थांबवलं. "हात लावू नकोस. बस त्या स्टुलावर." बंदुका दुरुस्त करणारे आमचे मिस्त्री जेवायला गेले होते, दुकानात आम्ही दोघंच होतो. मी बाहेरचं शटर खाली ओढलं. भर दुपारी आमचं शटर कधी खाली येत नाही. समोरच्या स्टेशनरीवाल्याने हाताने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी स्टॉक मोजतेय अशी खूण केली.

इथे थोडं मागचं सांगायला हवं.

प्रकाशचे दादा म्हणजे मधुकर राणे. आम्ही सगळे त्यांना राणे सर म्हणतो. परळला वाढले, वडील गिरणीत होते. कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल हातात आली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. खेळाच्या जोरावर बँकेत नोकरी लागली. रिटायर झाल्यावर दादरच्या एका जुन्या व्यायामशाळेच्या रेंजवर कोच झाले. रेंज म्हणजे नेमबाजीचा सराव करायची जागा. ही बंदिस्त आहे, छप्पर बुटकं, भिंती उघड्या सिमेंटच्या. पॉइंट टू-टू ही तशी बारीक रायफल, मैदानात तिचा आवाज फटाक्याएवढा. पण त्या बोळात एका वेळी चार जण उडवू लागले की आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि कानात खिळा मारल्यासारखा बसतो.

सरांच्या तरुणपणी नेमबाज कानात कापसाचे बोळे घालायचे. डावा कान त्यातच गेला. उजव्या कानावर त्यांनी नोकरी, संसार, कोचिंग सगळं निभावलं. मग उजवाही खाली यायला लागला. ऐकायचं मशीन लावलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की रेंज सोडा, नाहीतर उरलेलं ऐकू येणंही जाईल.

सर कानांवर मफ लावायचे, मफ म्हणजे ते जाड हेडफोनसारखे असतात ते. आत बोळेही घालायचे. पण मफ लावायचा तर मशीन काढावं लागे, आणि मशीन काढलं की शिकणारी मुलं काय बोलतात ते कळत नसे. कोचला मुलांचं ऐकावंच लागतं. म्हणून ते दर थोड्या वेळाने मफ वर सरकवायचे. नेमका तेव्हाच शेजारचा कुणीतरी गोळी सोडायचा.

त्यांचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. त्याने फोनवर सांगितलं की तिकडे रायफलला सायलेन्सर लावून सराव करतात, दुकानात मिळतो, फक्त सरकारकडे अर्ज करायचा, फोटो आणि बोटांचे ठसे द्यायचे आणि मंजुरीची वाट बघायची. दुसऱ्या दिवशी सर माझ्या दुकानात हजर.

मी त्यांना समजावलं ते तुम्हालाही सांगते. पहिली गोष्ट, सिनेमात दाखवतात तसा सायलेन्सर गोळीचा आवाज बंद करत नाही. कमी करतो. कानाला इजा होणार नाही इतका खाली आणतो, एवढंच. दुसरी गोष्ट, आपल्या शस्त्र कायद्यात बंदूक कशाला म्हणायचं ते लिहिलंय, आणि आवाज दाबणारी ही जोडणी त्याच व्याख्येत बसवली आहे. म्हणजे बंदूक जवळ नसली, नुसती ती नळी असली, तरी कायद्याच्या नजरेत तुमच्याकडे शस्त्र आहे. आणि साधं शस्त्रही नाही. ज्या प्रकारांचा निर्णय मुंबईत होत नाही, दिल्लीत होतो, त्यातलं. सैन्य आणि पोलीस सोडून कुणाला मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही.

"पाहिलं नाही म्हणजे देत नाहीत असं लिहिलंय का?" सरांनी विचारलं.

तसं नव्हतं. परवानगी मागता येत होती. मिळेल असं कुठे म्हटलेलं नव्हतं, एवढंच.

"मग मागू," ते म्हणाले.

आम्ही मागितली. अर्ज व्यायामशाळेच्या नावाने केला, कारण रायफली तिच्या मालकीच्या. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं, रेंजचा नकाशा जोडला. शस्त्र परवाने बघणाऱ्या शाखेतल्या अधिकाऱ्याने अर्ज दोनदा वाचला. तो माझ्या रोजच्या ओळखीचा, कामाचा माणूस. म्हणाला, "मॅडम, कायदेशीर आहे म्हणून घेतो. पण त्यांना आशा लावू नका." मग चक्र सुरू झालं. पोलीस ठाण्याची चौकशी झाली. हवालदार परळला सरांच्या घरी जाऊन आला, शेजारच्यांना विचारून आला. एका त्रुटीसाठी कागद परत आले, ते भरून पुन्हा दिले. फाइल शाखेतून मंत्रालयात गेली. तिथून दिल्लीला गेली असं कळलं. त्यानंतर काहीच कळलं नाही.

सर महिन्यातून एकदा येत. काउंटरपाशी उभे राहून विचारत, "वहिनी, काही?" मी मान हलवायची. ते चहा घेऊन जायचे.

मधल्या काळात मी व्यायामशाळेच्या कमिटीला सुचवलं होतं की भिंतींना आवाज शोषणारी पॅनल बसवून घ्या, सरांना एअर रायफलच्या हॉलमध्ये हलवा. एअर रायफल हवेच्या दाबावर चालते, तिचा आवाज टिचकीएवढा. कमिटीतले म्हणाले, सायलेन्सरचं एकदा कळू दे, मग बघू. सरही तेच म्हणाले. पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. सगळे परवानगीची वाट बघत राहिले.

आणि धाकट्या भावाला वाट बघवली नाही.

स्टुलावर बसलेल्या प्रकाशला मी सांगितलं की त्याने जे केलंय त्याला परवान्याशिवाय शस्त्र बनवणं म्हणतात. त्याची शिक्षा महिन्यांत मोजत नाहीत. वरच्या टोकाला जन्मठेप आहे.

तो हसला. त्याला मी घाबरवतेय असं वाटलं. म्हणाला, "पाइपाचा तुकडा आहे, वहिनी. बाजारातनं आणलेला पाइप."

"मग तू पिशवीत गुंडाळून का आणलास?"

 तो हळूच म्हणाला, "मोबाइलवर बघून केलंय. आत कसं असतं ते समजायला वेळ लागला. दादाला दाखवलं नाही अजून. झाल्यावर दाखवणार होतो."

आत काय होतं, कसं होतं, ते मी इथे लिहिणार नाही. मला एकच गोष्ट बघायची होती, आणि ती हात न लावता दिसत होती. नळीच्या टोकाचं भोक खरंच पडलेलं नव्हतं. म्हणजे ती अजून अर्धीच होती. मी एक माप तोंडाने उच्चारलं असतं तर त्याने परत जाऊन तासाभरात ती पूर्ण केली असती.

तो म्हणाला, ठीक आहे, मी परत घेऊन जातो, तुम्ही बघितलंच नाही असं समजा. मी वर बोट दाखवलं. त्याने कॅमेरा बघितला आणि मग पहिल्यांदा त्याचा चेहरा बदलला. नळी घेऊन तो दाराबाहेर पडला असता तर तो शस्त्र घेऊन गिरगावातून चाललाय आणि मी त्याला जाऊ दिलंय, अशी नोंद झाली असती. कापून टाकली असती तर पुरावा नष्ट केला म्हणून आम्ही दोघं अडकलो असतो. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, माझ्या रजिस्टरमध्ये नसलेलं हत्यार माझ्या छपराखाली होतं. आमच्या धंद्यात याहून वाईट वाक्य नाही.

मी फोन एकच केला. आमचे वकील कामत, त्यांना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, तिला हात लावू नका, त्याला जाऊ देऊ नका, मी निघतोय. राणे सरांना मी मेसेज टाकला: प्रकाश दुकानात आहे, लगेच या. ते दादरहून टॅक्सी करून आले.

शटर अर्धं वर करून मी त्यांना आत घेतलं आणि परत खाली केलं. सरांनी आधी भावाकडे बघितलं, मग काउंटरकडे. नळी ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. ते नेमबाज माणूस.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

प्रकाश जवळ जाऊन खालच्या आवाजात बोलू लागला. दादा, तुझ्यासाठी केलंय, वगैरे. सरांनी मान तिरकी केली. "काय?"

प्रकाशने आवाज थोडा वाढवला. सरांना कळलं नाही. "पक्या, नीट बोल. काय केलंस?"

आमच्या दुकानाच्या वर मुलांचे क्लास चालतात. जिन्यावर सतत ये-जा असते. शेजारी भिंतीला भिंत लागून कापडाचं दुकान. जी गोष्ट कानात सांगायलाही माणूस दहादा विचार करेल, ती प्रकाशला ओरडून सांगावी लागली. सायलेन्सर बनवलाय. तुझ्यासाठी बनवलाय. दिल्लीहून येणार नाही म्हणून मीच बनवलाय. प्रत्येक वाक्य दोनदा. मी शटरपाशी जाऊन उभी राहिले, बाहेर कुणी थांबलंय का बघायला. तिसऱ्या वाक्याला प्रकाशचा आवाज फाटला आणि तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस. रडत रडत ओरडत होता.

सर त्याच्या ओठांकडे बघत होते. सगळं समजल्यावर त्यांनी उजव्या कानातलं मशीन काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"ह्या आता नुसता दाखवूक लावतंय," ते मालवणीत म्हणाले. घरात ते तसंच बोलत असणार. माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, महिना होऊन गेला. गोळी सुटली की मला फक्त पायाला कळतं. जमीन हलते थोडी. कानाला काही नाही."

मी स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवून, सावकाश विचारलं, "डॉक्टर?"

"गेलो होतो. आता काही उरलेलं नाही म्हणाले."

प्रकाश भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मग सांगितलं का नाहीस?" पण ते इतकं हळू म्हणाला की ते फक्त मला ऐकू आलं. सरांनी ते ओठांवरून ओळखलं असावं, कारण त्यांनी उत्तर दिलं.

"काय सांगू? एवढे लोक धावपळ करतायत. वहिनी मंत्रालयात खेपा घालतायत. त्यांना सांगू की आता नको? आणि सांगितलं की रेंज बंद. मग मी सकाळी उठून जाऊ कुठे?"

 वरून पायऱ्यांवर मुलं धावत गेली, त्या आवाजाने प्रकाशने आणि मी वर बघितलं. सरांनी बघितलं नाही.

ते बघून मला नळीचा विसर पडला. मी रेंजचा विचार करायला लागले. रेंजवर एक शब्द देववाक्यासारखा पाळतात: स्टॉप. कुणीही, अगदी नवं पोरही, काही धोका दिसला की स्टॉप ओरडतं आणि सगळ्यांनी बोट ट्रिगरवरून काढायचं असतं. तिथे जबाबदार माणूस कोच. मी काउंटरवरचा पॅड ओढून त्यावर लिहिलं: 'कुणी स्टॉप ओरडलं तर?'

सरांनी वाचलं. खुर्चीत बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. गेल्या आठवड्यात एका मुलीची रायफल अडकली. आत गोळी होती. ती सरांना हाका मारत होती. सर पाठमोरे होते. हाका मारून कोच बघत नाही म्हणून ती रायफल तशीच धरून त्यांच्याकडे वळली. नळीचं तोंड रांगेतल्या दोन मुलांवरून फिरलं. एका मुलाच्या आईने झडप घालून ते खाली केलं. काही झालं नाही. सर वळले तेव्हा ती बाई थरथरत होती आणि त्यांना कळेना की काय झालंय.

"त्या दिवसापासून झोप नाही," ते म्हणाले. "पण दुसऱ्या दिवशी परत गेलो."

  त्यांनीच पॅड आपल्याकडे घेतला आणि व्यायामशाळेच्या सेक्रेटरींना तिथल्या तिथे चार ओळी लिहिल्या. आजपासून मी येणार नाही, कारण मला ऐकू येत नाही. सही केली. मला दिलं. म्हणाले, "आज पोचवा. उद्यावर ठेवलं तर मी फाडीन."

कामत वकील आले. त्यांनी दोघा भावांना समोर बसवलं आणि सांगितलं की वाट एकच आहे. पोलिसांना आपणच बोलवायचं, जे झालं ते क्रमाने सांगायचं, एक शब्द कमी नाही आणि एक जास्त नाही. प्रकाश म्हणाला मी जातो, दादाला यात घेऊ नका. कामतांनी ते लिहून सरांना दाखवलं. सरांनी पेन घेऊन खाली लिहिलं: 'माझ्यासाठी केलंय. मी बरोबर जाणार.'

परवाना शाखेतला तोच अधिकारी आणि ठाण्यातले दोघं आले. पंचनामा झाला, म्हणजे जागेवर काय सापडलं त्याची साक्षीदारांसमोर नोंद. नळी कागदात बांधून सीलबंद केली. त्या अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं. सरांचं मशीन अजून काउंटरवरच होतं. त्याने ते उचलून सरांच्या हातात दिलं आणि प्रकाशला म्हणाला, "चला." आवाज कठोर नव्हता.

पुढचे महिने वाईट गेले. प्रकाशला अटक झाली. जामीन लगेच मिळाला नाही. वर्कशॉपला सील लागलं, लेथ आतच. मला नोटीस आली, दुकान तपासणीसाठी बंद ठेवावं लागलं, कॅमेऱ्याचं सगळं रेकॉर्डिंग त्यांनी नेलं. त्यात मी नळीला हात लावलेला नव्हता, माप सांगितलेलं नव्हतं, म्हणून माझं लायसन्स वाचलं. तज्ज्ञांनी नळी तपासून मत दिलं की ती अपुरी आहे, जशी आहे तशी वापरता येणार नाही. त्या एका मतावर बनवण्याचं मोठं कलम बाजूला झालं आणि प्रकाश घरी आला. खटला मात्र आहे. अजून तारखा पडतात.

प्रकाशची बायको सरिता एकदा दुकानात आली. तेव्हा तो तुरुंगातच होता. बसली नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाली, "वहिनी, आमचे तुम्ही घरचे. कापून समुद्रात टाकला असतात तर कोणाला कळलं असतं?"

मी तिला कॅमेऱ्याचं सांगू शकले असते. लायसन्सचं सांगू शकले असते. तिला ते माहीत होतं. तिला वेगळंच विचारायचं होतं, तिचा नवरा मोठा की माझं दुकान. आजही ती माझ्याशी बोलत नाही. समोर दिसली तर मान वळवते. मी तिला दोष देत नाही. त्या दुपारी परत उभी राहिले तरी मी तेच करीन, आणि तरी ती बोलणार नाही हेही मला मान्य आहे.

व्यायामशाळेत सरांची चिठ्ठी वाचली तेव्हा कमिटीची तातडीची मीटिंग झाली. महिन्याभरात भिंतींना आणि छताला पॅनल लागली. एका ओळखीच्या कंत्राटदाराने काम केलं. त्याला कुणाची परवानगी लागली नाही. मी जाऊन बघितलं. रायफलचा आवाज आता कोरडा येतो, भिंतीवरून उलटत नाही. नवीन कोच तरुण आहे. तो म्हणाला रेंज मस्त शांत आहे.

दिल्लीचं उत्तर आलं तेव्हा मला आधी फाइल कुठली ते आठवेना. इतका काळ गेला होता. दोनच वाक्यं होती. विनंती विचारात घेतली गेली, खाजगी संस्थेला क्रीडा सरावासाठी अशी परवानगी देता येत नाही. प्रकाशच्या प्रकरणाचा उल्लेखही नव्हता. पहिल्या दिवशी त्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं तेच. मी ते घेऊन परळला गेले. सरांनी चष्मा लावून वाचलं, घडी घालून परत दिलं.

"उत्तर दिलं त्यांनी," ते म्हणाले. "मला वाटलं होतं देणारच नाहीत."

कमिटीने त्यांना एअर रायफलच्या हॉलमध्ये यायला सांगितलं होतं. तिथे त्यांचा अनुभव हवा होता. ते गेले नाहीत. वर्कशॉपचं सील निघाल्यापासून ते रोज घोडपदेवला प्रकाशकडे जाऊन बसतात. माल घासून देतात, गिऱ्हाइकांची मापं लिहून घेतात. तिथे दोन लेथ आणि एक ग्राइंडर एका वेळी चालू असतात, रस्त्यावरून जाणारा माणूस कानावर हात ठेवतो. सर वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. दोघा भावांचं बोलणं फारसं होत नाही, पण डबा एकच येतो.

या सगळ्यातून मी माझ्या कामापुरतं एक शिकले. अर्ज टाकला की माणसाला वाटतं, काहीतरी चाललंय. खरं तर चालत असते ती फाइल; माणूस जागेवर थांबलेला असतो. भिंतीची पॅनल, एअर रायफलचा हॉल, डॉक्टरांचा सल्ला, सगळं पहिल्या दिवसापासून हाताशी होतं. परवानगीची वाट बघण्याच्या नादात ते कुणीच केलं नाही, आणि ज्या कानासाठी परवानगी मागितली तो कान तोवर थांबला नाही.

आता दुकानात कुणी अवघड परवान्याचा अर्ज घेऊन आलं की मी फॉर्म द्यायच्या आधी विचारते, नाही आलं तर काय करणार? बहुतेकांना राग येतो. सुरुवातीलाच नाट लावते म्हणतात. मी म्हणते, ते आधी करून या, मग अर्ज भरू.